परतीची कळ आणि पाच अप्सरा

रीळ पहिलं

माझ्या कथेत माणूस चंद्रावर जातो आणि परत येत नाही. टॉकीत तो परत येतो. फरक एवढाच. तो काही फार मोठा नाही, असं निम्म्या कुंभकोणमने मला समजावून सांगितलं आहे. उरलेल्या निम्म्याला मुळात कथा होती हेच ठाऊक नाही.

सुरुवातीला आपली ओळख करून द्यायची रीत आहे, ती एका वाक्यात उरकतो. मी जानकीराम राव. हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवतो, घरी मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर पाय टाकला की तमिळ, आणि कथा तमिळमध्येच लिहितो, कारण मराठीत लिहिली तर वाचायला आत्या, बायको आणि शेजारचे अप्पाजीराव एवढेच उरतात. हे मात्र मराठीत लिहितो आहे. म्हणजे गावात कुणी वाचणार नाही.

कथा अशी. कावेरीच्या पाटबंधाऱ्यावरचा एक ओव्हरसिअर परसात चंद्रावर जाणारं यान बांधतो. यानाला दोन कळा. जाण्याची हाताने ओढायची, परतीची पायाने दाबायची. वाटेत चुकून धक्का लागून यान मागे फिरू नये म्हणून परतीची कळ त्याने मुद्दाम जड केलेली असते. एका माणसाने अंगाचा पूर्ण भार टाकला तरच दबेल अशी. तो चंद्रावर पोचतो, हिंडतो, दगडांचे नमुने गोळा करतो आणि कळीवर उभा राहतो. कळ हलत नाही. चंद्रावर माणसाचं वजन सहावा हिस्सा होतं. हे त्याला ठाऊक होतं. पण कळ बसवताना तो कुंभकोणमात उभा होता. इकडे त्याची बायको गच्चीवर येते. शेवटचं वाक्य: ‘वर चंद्र होता.’

हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःला आणखी एक डबरा, म्हणजे आमच्याकडची पितळी वाटीभर, कॉफी मंजूर केली होती.

मासिकाकडे धाडण्याआधी कथा घरात वाचून दाखवली. आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण मीनाक्षीबाई, पाटावर मांडी घालून ऐकत होती. आत्याच्या रीतीत पोथी भलत्या जागी मिटायची नसते. सीतेला पळवून नेलं तिथे तर नाहीच. निदान हनुमान निघाला इतकं तरी वाचून मग मिटायची. आणि पट्टाभिषेक झाल्याशिवाय पाटावरून कुणी उठायचं नाही, मग दुधाला उतू जायचं असलं तरी जाऊ दे.

मी ‘वर चंद्र होता’ म्हटलं आणि कागद खाली ठेवले. आत्या बसून राहिली.

“पुढें?”

“संपली, आत्या.”

“संपली कैशी? तो तेथेंच आहे कीं.”

“तेच. तो तिथेच आहे. तोच शेवट.”

“बरें,” आत्या म्हणाली, आणि तरी उठली नाही. अंबुजाने, म्हणजे माझ्या बायकोने, पानं वाढल्याचं सांगितलं तेव्हा उठली.

पानांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या घरात रात्री भाताचं पातेलं कुणी खरवडत नाही. तळाशी एका माणसापुरता भात ठेवून त्यावर झाकण घालायचं काम आत्याचं. तो आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा. आतोबा मी लहान असताना रंगूनला एका लाकडाच्या वखारीत कारकून म्हणून गेले. काही वर्षं पत्रं आली, मग थांबली. आत्या कुंकू लावते, रात्री भात ठेवते, सकाळी त्यातच ताक घालून स्वतः खाते. भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे यावर जसं आमच्याकडे कुणी बोलत नाही, तसं यावरही कुणी बोलत नाही.

चंद्रावर अडकलेल्या माणसाची कल्पना कुठून सुचली, असं मला पुष्कळांनी विचारलं. मी सांगतो, पदार्थविज्ञानातून.

रीळ दुसरं

कथा कोइमतूरच्या एका टॉकी कंपनीने उचलली. मला तिरुभुवनमचं जरीकाठी अंगवस्त्र पांघरलं, फोटो काढला आणि तिथून पुढे मला काहीही विचारलं नाही. वर्षाने ‘चंद्रलोक विजयम्’ गावात लागली.

मी पहिल्याच खेळाला गेलो. गाणी मोजायचं लवकरच सोडून दिलं. निदान चार तरी गुरुत्वाकर्षणावर होती. दहा रिळांपर्यंत कथा माझीच होती, थोडी सुजलेली. अकराव्या रिळात ओव्हरसिअर कळीवर उभा राहून रडतो, रडता रडता गातो, आणि गाणं ऐकून चंद्रावरच्या पाच अप्सरा येतात. नाचतात. नाचता नाचता सगळ्या त्याच्याबरोबर कळीवर चढतात. कळ दबते, यान सुटतं आणि थेट आमच्या महामहम तळ्यात येऊन पडतं. पायरीवर बायको उभी. ‘शुभम्’.

मी रागवायच्या तयारीत बसलो होतो. पण पाच अप्सरा आणि तो, म्हणजे सहा जण. प्रत्येकाचं वजन सहावा हिस्सा. अंधारात मी हिशेब पुन्हा केला. बरोबर होता. अप्सरांच्या मूळ वजनाबद्दल शंका घेता आली असती, पण कंपनीने निवडलेल्या अप्सरा पाहता ती शंका माझ्याच अंगावर आली असती.

दुसऱ्या दिवसापासून मी ‘अप्सरा वात्तियार’ झालो. वात्तियार म्हणजे मास्तर. वर्गात मागच्या बाकावरून मृदंगाचे बोल ऐकू येऊ लागले. भाजीवाली म्हणाली, “वात्तियार सार, शेवट काय लिहिलात! डोळ्यांत पाणी आलं.” मी सांगितलं की शेवट माझा नाही. ती म्हणाली, “मग तुमचं काय?”

त्याच संध्याकाळी अप्पाजीराव आमच्या ओट्यावर येऊन बसले. ते निवृत्त सब-रजिस्ट्रार आहेत. दुसऱ्याच्या दस्तऐवजातली चूक काढून झाल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.

“जानकीराम, एक विचारूं काय? रागावणार नाहींस ना?”

“विचारा.”

“चंद्रावर दगड आहेत. नमुने घेतले म्हणून तूंच लिहिलेंस.”

“आहेत.”

“मग चार धोंडे ठेवायचे होते कळीवर.”

“दगडांचंही वजन सहावा हिस्सा होतं, अप्पाजीराव.”

“मग सहापट ठेवायचे. त्याला तेथें दुसरें काय काम होतें?”

मी शांतपणे म्हणालो की ही शोकांतिका आहे.

“असेल,” ते म्हणाले. “पण धोंड्यांनीं सुटते.”

रीळ तिसरं

मला फार काही नको होतं. एका संध्याकाळी, एका खेळात, माझ्या गावाने माझी कथा मी संपवली तिथे संपलेली पाहावी. त्यासाठी नवं काही करायचं नव्हतं. उलट एक गोष्ट करायची नव्हती. अकरावं रीळ लावायचं नव्हतं.

थिएटरचे मॅनेजर कृष्णमूर्ती अय्यर चटकन तयार झाले. चौथा आठवडा चालू होता आणि मधल्या बाकांवर मांजर बाळंत झालं होतं. त्यांनी गुलाबी नोटिसा छापल्या, बैलगाडीवर फलक चढवला आणि पुढे तमुक्कु, म्हणजे दवंडीचा ढोल, वाजवत गावभर फिरवला: ‘आज संध्याकाळी शेवट वेगळा!’ वेगळा म्हणजे कमी, हे त्यांनी छापलं नाही.

पहिली अडचण सेतू. हा कंपनीचा माणूस. रिळांच्या पेटीबरोबर गावोगाव हिंडतो आणि पेटीवरच झोपतो.

“मला अकरा रिळं दिली आहेत, सार. अकरा दाखवायची.”

“दहा दाखवा. अकरावं पेटीत सुखरूप राहील.”

“खेळ पूर्ण झाला असं मी सांगायचं असतं. पूर्ण कधी होतो? शुभम् आलं की.”

“कथा तिथेच पूर्ण होते.”

“कथा होत असेल. खेळ नाही होत.”

शेवटी अकरावं रीळ यंत्रावर चढवून तयार ठेवायचं, फक्त दिवा लावायचा नाही, या अटीवर तो मानला. म्हणजे त्याच्या लेखी खेळ संपला नव्हता, नुसता थांबला होता.

दुसरी अडचण नगरपालिकेचा परवाना. तिथल्या गृहस्थांनी मान तिरकी करून विचार केला. “परवाना चित्र संपेपर्यंतचा आहे. तुम्ही चित्र संपवणारच नाही. मग परवाना कधी संपणार?” मी म्हणालो, लोक उठून घरी गेले की. ते म्हणाले, “लोकांच्या उठण्यावर सरकारी परवाना अवलंबून ठेवता येत नाही,” आणि मला पोलिसांकडे पाठवलं.

सब-इन्स्पेक्टरांनी आधी कथेचं तात्पर्य विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी कृष्णमूर्तींना विचारलं, “खेळ सुटताना इंग्लंडच्या राजाचं चित्र दाखवून लोकांना उभं करता ना?”

“रोज दाखवतो, सार. अकराव्या रिळाच्या शेपटीलाच जोडलंय.”

सब-इन्स्पेक्टरांनी टोपी टेबलावर ठेवली. “म्हणजे हे मास्तर राजाला गाळणार.”

“मी अप्सरा गाळतोय,” मी म्हणालो. “राजा अप्सरांच्या मागे आहे एवढंच.”

“हे वाक्य पुन्हा कुठे बोलू नका.”

खूप वेळ गेला. शेवटी ठरलं की राजाचं चित्र काचेच्या स्लाईडवर वेगळं आणायचं आणि दहावं रीळ संपताच पडद्यावर टाकायचं. स्लाईड मद्रासहून मागवावी लागली. एक गोष्ट न करण्यासाठी माणसाला किती करावं लागतं, यावर कुणीतरी ग्रंथ लिहायला हवा.

रीळ चौथं

या रिळात अंबुजाने विचारलं, “तो परत आला तर तुमचं काय जातं?”

पुढची फिल्म जळाली आहे.

मध्यंतर

(सोडा, भाजलेले शेंगदाणे, सुंडल. वाचकांनी पाय मोकळे करावेत. तोवर तुलना.)

कथेत चंद्रावर हवा नाही, म्हणून आवाज नाही. टॉकीत चंद्रावर मृदंग आहे, आणि तो चांगला वाजवला आहे. हवा नसताना माझा ओव्हरसिअर श्वास कसा घेतो, हे अप्पाजीरावांनी अजून विचारलेलं नाही.

कथेत बायकोला नाव नाही. टॉकीत तिला नाव आहे, मैत्रीण आहे, हरिण आहे.

कथेत ती गच्चीवर उभी राहते. टॉकीतही उभी राहते, दहाव्या रिळाच्या अगदी टोकाला. कंपनीने माझं एवढं एक जसंच्या तसं ठेवलं. याच टोकावर माझी सगळी भिस्त होती.

कथा वाचून लोक विचारतात, पुढे काय? टॉकी पाहून कुणी काही विचारत नाही. हा गुण कुणाचा, हे मला ठरवता आलेलं नाही.

आत्याने टॉकी पाहिलेली नव्हती. अंबुजाने दोनदा चला म्हटलं. “तो परत येतो त्यांत, आत्याबाई.” आत्या म्हणाली, “जान्यानें लिहिलें तें लावतील तेव्हां येईन.” मला भरून आलं. सगळ्या गावात माझ्या बाजूची एक बाई होती.

(घंटा झाली.)

रीळ पाचवं

त्या संध्याकाळी थिएटर भरलं. साक्कोट्टैहून गाड्या जुंपून लोक आले होते. सुंदरपेरुमाळ कोयिलची काही शेतकरी मंडळी आगगाडीने उतरली होती. शेवट वेगळा म्हणजे अप्सरा वाढवल्या असतील, असा त्यांचा कयास होता. बुटक्या भिंतीपलीकडे बायकांच्या बाजूला आत्या आणि अंबुजा पुढेच बसल्या होत्या. मी मधल्या वाटेवर उभा राहिलो. बसवेना.

दहावं रीळ संपत आलं. ओव्हरसिअर कळीवर उभा राहिला. कळ हलली नाही. बायको गच्चीवर आली, तिने वर पाहिलं. पडदा पांढरा झाला.

काय शांतता होती! मी चार वर्षं ज्या शांततेसाठी थांबलो होतो ती हीच.

मग राजा आला. स्लाईड सरळ होती, याचं श्रेय सब-इन्स्पेक्टरांना; ते स्वतः यंत्राशेजारी उभे होते. सवयीप्रमाणे सगळं थिएटर उभं राहिलं. राजा गेला. दिवे लागले. आणि सगळं थिएटर पुन्हा खाली बसलं.

आरडाओरडा झाला असता तर मी तयार होतो. कलावंताला शिट्या सोसाव्या लागतात, हे मी अंबुजाला आधीच सांगून ठेवलं होतं. पण कुणी ओरडलं नाही. लोक नुसते बसले. कुणी चुंबळ काढून डोक्याखाली घेतली. कुणी पानाचा डबा उघडला. साक्कोट्टैच्या लोकांनी दहीभाताची पुडकी सोडली. कृष्णमूर्ती घाम पुसत माझ्याकडे आले. “सार, हे उठत नाहीत. तुम्ही सांगा.”

मी पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. “कथा संपली आहे,” मी तमिळमध्ये म्हणालो.

“संपली कशी?” पुढच्या बाकावरून एकजण म्हणाला. “माणूस वर आहे.”

“तो वरच राहतो.”

“राजा आला, माणूस आला नाही,” दुसरा म्हणाला. सब-इन्स्पेक्टरांनी तिकडे पाहिलं.

“असं कोण म्हणतं, तो वरच राहतो?”

“मी. मी लेखक आहे.”

ही चूक झाली. इतका वेळ ते यंत्राची वाट पाहत होते, आता माझी पाहू लागले.

“मग उतरवा की, वात्तियार सार! तुमच्याच हातात आहे.”

“बायकोला वर पाठवा. दोघांचं वजन होईल.”

“दोघांनी काय होतंय? सहा लागतात. अख्खं घर पाठवा.”

“धोंडे ठेवा म्हणावं!” हा आवाज तमिळमध्ये असला तरी अप्पाजीरावांचा होता.

मी गुरुत्वाकर्षण समजावून सांगू लागलो. ते त्यांना गाण्यांतून पाठ होतं. त्यांनी मलाच पुढची ओळ सांगितली.

तेवढ्यात भिंतीपलीकडे आत्या उभी राहिली. आत्या घराबाहेर चार माणसांत तोंड उघडत नाही. देवळातसुद्धा ओठ हलवते, आवाज काढत नाही. ती घरच्या भाषेत, घरी बोलते तेवढ्याच आवाजात बोलली, आणि थिएटर गप्प झालं.

“जान्या, त्याला उतरवूं नको. कळ नाहीं दबत तर नाहीं दबत.”

मी मनातल्या मनात तिच्या पाया पडलो.

“एवढें मात्र सांग. ती गच्चीवरून खालीं आली ना?”

“आली असेल, आत्या.”

“असेल काय? तूंच लिहिलेंस ना? रात्र झाली, जेवणें व्हायचीं होतीं. आली.”

“आली.”

“मग त्याचा भात ठेवला कीं नाहीं?”

पदार्थविज्ञानात याला उत्तर नाही. माझ्या कथेतही नाही. ‘वर चंद्र होता’ या वाक्यानंतर भाताला जागाच नाही. तो आला की वाक्य बिघडतं, कथा गच्चीवरून उतरून स्वयंपाकघरात जाते आणि तिथे ती संपवता येत नाही. चार वर्षं मी हा शेवट सांभाळला होता. मासिकाच्या संपादकापासून, कंपनीपासून, अप्पाजीरावांच्या धोंड्यांपासून. मी आत्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. त्या थिएटरात वाट पाहायची सवय सगळ्यांत जास्त तिलाच होती.

“ठेवला,” मी म्हणालो.

“झांकून?”

“झाकून.”

“सरी, बरें,” आत्या म्हणाली. पदर सावरला आणि दाराकडे चालू लागली. अंबुजा तिच्यामागे गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ चौथ्या रिळात होता.

बायकांच्या बाजूला कुजबूज झाली. काय म्हणाली ती म्हातारी? आमच्या आळीतल्या कुणीतरी तमिळमध्ये सांगितलं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, आणि मग एकेक करून बायका उठल्या, लुगडी झटकली आणि घरी गेल्या. त्या अर्ध्या थिएटरात कथा संपली होती.

पुरुष बसूनच होते.

“सार,” यंत्राच्या खिडकीतून सेतूने विचारलं, “दिवा लावू?”

मी हात हलवला. त्याने तो हो असा घेतला.

अप्सरा आल्या. शिट्या वाजल्या. यान तळ्यात पडलं, शुभम् झालं, आणि मागोमाग शेपटीला जोडलेला राजा पुन्हा आला, म्हणून सगळे पुन्हा उभे राहिले. एका खेळात राजाला दोनदा मान मिळाल्यामुळे सब-इन्स्पेक्टर माझ्यावर खूश होते. कृष्णमूर्तींनी माझा हात हातात घेतला. “एक वेगळा शेवट ठरला होता, सार, तुम्ही तीन दिलेत. उद्याही ठेवू या का?”

रीळ अकरावं

सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा आत्या पातेल्यावरचं झाकण काढत होती. मी कॉफीचा डबरा घेऊन तिच्याजवळ बसलो. अंबुजा चुलीपाशी होती. तिची पाठ ऐकत होती.

“तुम्ही गेल्यावर शेवटचं रीळ लावलं,” मी म्हणालो.

“होय काय? मग, आला तो?”

“आला. पाच अप्सरा घेऊन.”

आत्याने भातात ताक घातलं, मीठ घातलं, हिरवी मिरची मोडली.

“तिनें काय केलें?”

“पायरीवर उभी होती. दोघांनी मिळून गाणं म्हटलं.”

“मग जेवला?”

मी आठवून पाहिलं. “ते नाही दाखवलं.”

“मग कसला आला,” आत्या म्हणाली, आणि भात कालवायला लागली.